हर्बर्ट स्पेन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे डार्विनचं वाक्य ना?

नाही, ‘सर्वात योग्य तोच टिकतो’ अशा अर्थाचं हे वाक्य हर्बर्ट स्पेन्सर या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञाचं. १८६४ साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ बायॉलॉजी’ या ग्रंथात त्याने हा शब्दप्रयोग केला. डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ मध्ये आलं, तेव्हा त्यात तो नव्हता. पुढे निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने डार्विनला पत्र लिहून सुचवलं की ‘नैसर्गिक निवड’ म्हटलं की निवडणारा कुणीतरी बसलाय असं लोकांना वाटतं, त्यापेक्षा स्पेन्सरचा शब्द बरा. डार्विनने तो १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतला. तेव्हापासून श्रेय एकाला आणि शिव्या दुसऱ्याला, अशी वाटणी झाली आहे.

सजीवांच्या जाती हळूहळू बदलत घडल्या, हे मतही स्पेन्सरने ‘ओरिजिन’च्या सात वर्षं आधी, १८५२ मध्ये एका छोट्या लेखात उघडपणे मांडलं होतं. पण बदल कसा घडतो याचं नीट उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते डार्विनकडे होतं. आयुष्यात मिळवलेले गुण संततीत उतरतात, या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कच्या कल्पनेवरही स्पेन्सर शेवटपर्यंत अडून राहिला. १८९३ मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ वाइजमानशी त्याचा याच मुद्द्यावर जाहीर वाद झाला. आज तिथे त्याची बाजू घेणारं कुणी नाही.

म्हणजे ‘बळी तो कान पिळी’ हेच त्याचं तत्त्वज्ञान?

हाच समज सर्वात जास्त पसरला आहे आणि तो उलटा आहे. कान पिळणाऱ्या बळीबद्दल, मग तो सरदार असो, सेनापती असो की सरकार, स्पेन्सरला आयुष्यभर तिटकारा होता. कुणी कुणावर जबरदस्ती करू नये, हे त्याचं मूळ सूत्र. प्रत्येकाला हवं ते करण्याची मोकळीक असावी, फक्त त्याने दुसऱ्याच्या तेवढ्याच मोकळिकीवर घाला घालू नये. याला तो समान स्वातंत्र्याचा नियम म्हणे.

या एका किल्लीने त्याची बहुतेक कुलपं उघडतात. सरकारी शाळा, गरिबांसाठीचे कायदे, सक्तीची लस, धर्मपीठाला मिळणारा राजाश्रय, वसाहती, युद्ध या सगळ्यांना त्याचा विरोध होता आणि कारण एकच होतं. त्याचं एक मत आवडलं म्हणून उचलावं आणि दुसरं नावडतं म्हणून ठेवून द्यावं, तर तो तसा सुटा सुटा मिळत नाही.

त्याचं बालपण कसं गेलं? शिक्षण कुठे झालं?

जन्म २७ एप्रिल १८२० चा, इंग्लंडमधल्या डर्बी गावी. नऊ भावंडांत जगलेला तो एकटाच. वडील विल्यम जॉर्ज स्पेन्सर शिक्षक होते आणि कुणापुढे न वाकणारे होते. घराणं पंथभेदी ख्रिस्ती, म्हणजे राजमान्य चर्चच्या बाहेरचं. डर्बीची फिलॉसॉफिकल सोसायटी डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी १७८३ मध्ये काढलेली, आणि स्पेन्सरचे वडील तिचे चिटणीस. पोराने किडे गोळा करावेत, प्रयोग करावेत, प्रश्न विचारावेत यावर घरात कुणाची हरकत नव्हती. लॅटिन-ग्रीक मात्र त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

तेराव्या वर्षी त्याला बाथजवळच्या हिंटन चार्टरहाउसला काका टॉमस यांच्याकडे शिकायला ठेवलं. काका पाद्री, शिस्तीचे. पोरगं तिथून पळालं आणि तीन दिवसांत सुमारे ११५ मैल, बहुतेक पायीच, चालत घरी पोचलं. पहिल्या दिवशीच ४८ मैल! नंतर त्याला परत पाठवलं, तो गेलाही आणि तिथे तीन वर्षं राहिला. पण हुकूम ऐकला की अंगावर काटा येणं हा त्याचा स्वभाव त्या वयातच पक्का झालेला दिसतो. केंब्रिजला पाठवण्याची काकांची तयारी होती. तो गेला नाही.

मग हा रेल्वेत काय करत होता?

इंजिनिअर होता. १८३७ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेच्या कामावर लागला, पुढे बर्मिंगहॅम-ग्लॉस्टर मार्गावर. त्या काळी इंग्लंडभर रुळांसाठी डोंगर कापले जात होते आणि त्या खोदकामांत निघालेल्या जीवाश्मांमुळे तो भूशास्त्राकडे वळला. चार्ल्स लायलचं भूशास्त्रावरचं पुस्तक त्याने विकत घेतलं. लायलने त्यात लामार्कचं खंडन केलं होतं आणि ते वाचून स्पेन्सरला लामार्क पटला!

१८४२ मध्ये ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’ या वृत्तपत्रात त्याने सरकारच्या कामाची हद्द कुठवर असावी यावर पत्रं लिहिली. १८४८ ते १८५३ तो ‘इकॉनॉमिस्ट’चा उपसंपादक होता. मध्ये त्याने सुटे कागद एकत्र धरून ठेवणारी एक पिन काढली होती. तिच्यावर पहिल्या वर्षी सत्तर पौंड मिळाले आणि नंतर धंदा बसला. १८५३ मध्ये, ज्यांच्याकडून पळाला होता तेच काका वारले आणि पाचशे पौंड ठेवून गेले. स्पेन्सरने नोकरी सोडली ती कायमची.

‘सोशल स्टॅटिक्स’मध्ये असं काय होतं?

हे त्याचं पहिलं पुस्तक, १८५१ चं, आणि माझ्या मते सर्वात धीट. यात जमीन सर्वांची आहे, तिच्यावर खाजगी मालकी न्याय्य ठरत नाही, असं म्हटलं आहे. स्त्रियांना पुरुषांइतकेच हक्क हवेत, असं आहे. मुलांवर जबरदस्ती नको, असंही आहे. एका प्रकरणात तर नागरिकाला राज्यसंस्थेकडे सरळ दुर्लक्ष करण्याचा, कर न देण्याचा आणि तिचं संरक्षण नाकारण्याचा हक्क आहे, असं सांगितलं आहे.

वय वाढलं तसा तो यातल्या बऱ्याच गोष्टींवरून मागे सरकला. राज्याकडे दुर्लक्ष करण्याचं प्रकरण त्याने नंतर वगळलं. जमिनीवरची मतं बदलली, तेव्हा अमेरिकेतल्या हेन्री जॉर्जने १८९२ मध्ये त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहून तोफ डागली. स्त्रियांच्या मताधिकारालाही म्हाताऱ्या स्पेन्सरने विरोध केला. तिशीतल्या स्पेन्सरने या माणसाला वादात धूळ चारली असती.

‘सिंथेटिक फिलॉसॉफी’ हा काय प्रकार आहे?

विश्वातलं सगळं, म्हणजे तारे, प्राणी, मन, समाज, नीती, एकाच तत्त्वाखाली आणण्याचा बेत. १८६० मध्ये त्याने योजना छापून वर्गणीदार जमवले आणि पुढची छत्तीस वर्षं ती तडीस नेली: ‘फर्स्ट प्रिन्सिपल्स’ (१८६२), मग जीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नीतिशास्त्र यांचे खंड. शेवटचा १८९६ मध्ये आला. विद्यापीठाची पदवी नाही, प्राध्यापकी नाही, पगार नाही, आणि मधूनमधून पैसे संपून काम बंद पडायची वेळ. चिकाटीला दाद द्यावीच लागते.

ते एकच तत्त्व म्हणजे उत्क्रांती. जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ फॉन बेअर याच्या संशोधनात त्याला बीज सापडलं: गर्भ आधी एकजिनसी असतो, मग त्यातून वेगवेगळे अवयव घडत जातात. स्पेन्सरला वाटलं, सगळीकडे हेच चाललंय. तेजोमेघातून ग्रहमाला होते, टोळीतून श्रमविभागणी असलेला समाज होतो. एकजिनसी, सैल, अस्पष्ट अवस्थेतून विविध, बांधीव, स्पष्ट अवस्थेकडे जाणं म्हणजे उत्क्रांती. मूळ इंग्रजी व्याख्या इतकी जडजंबाल आहे की कर्कमन नावाच्या गणितज्ञाने तिचं विडंबन केलं आणि ते व्याख्येपेक्षा जास्त गाजलं.

इतकं सगळं ज्यात बसतं, त्यातून काही नवीन हाती लागतं का? डार्विनने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की स्पेन्सरच्या सामान्य सिद्धांतांचा आपल्याला स्वतःच्या कामात काही उपयोग झाला नाही. जीवशास्त्रज्ञ हक्सले तर त्याचा जवळचा मित्र. तो चेष्टेने म्हणायचा, एखाद्या सुंदर अनुमानाचा वास्तवाने खून करणं, ही स्पेन्सरची शोकांतिकेची कल्पना.

समाज म्हणजे जिवंत शरीर, हे त्याचंच ना?

कल्पना जुनी आहे. तिला समाजशास्त्रात घरोघर पोचवली ती स्पेन्सरने. वाहतूक म्हणजे रक्ताभिसरण, तारायंत्र म्हणजे मज्जातंतू, असं तो तपशिलात जातो. ‘रचना’ आणि ‘कार्य’ हे समाजशास्त्रातले परवलीचे शब्द रुळले ते मोठ्या प्रमाणात त्याच्यामुळे.

यात एक पेच आहे. समाज शरीर असेल तर व्यक्ती ही पेशी, आणि मग पेशीने शरीरासाठी मरावं हे ओघाने येतं. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कैवाऱ्याला हे कसं चालेल? स्पेन्सरचं उत्तर असं: शरीरात जाणीव एका जागी असते, समाजात ती माणसामाणसांत विखुरलेली असते. सुखदुःख समाजाला होत नाही, माणसांना होतं. म्हणून समाज माणसांसाठी आहे, माणसं समाजासाठी नाहीत. उत्तर चांगलं आहे, फक्त त्याने शरीराच्या उपमेचा अर्धा जीव जातो.

याहून उपयोगी वाटतो तो त्याने केलेला दोन प्रकारच्या समाजांतला भेद: लष्करी आणि औद्योगिक. पहिल्यात सहकार्य हुकमाने होतं, दुसऱ्यात कराराने. युद्धं कमी होत जातील तसं जग दुसऱ्याकडे जाईल, अशी त्याची आशा होती. दक्षिण आफ्रिकेतलं इंग्रजांचं बोअर युद्ध बघितल्यावर ती आशाही उरली नाही. आपला देश पुन्हा रानटी होत चाललाय, असं त्याने १९०२ मध्ये छापून टाकलं.

तो नास्तिक होता का?

अज्ञेयवादी म्हणणं जास्त बरोबर. विश्वाच्या मुळाशी काहीतरी आहे, पण ते मानवी बुद्धीला कधीच कळणार नाही, असं ‘फर्स्ट प्रिन्सिपल्स’च्या सुरुवातीला तो मांडतो. विज्ञान आणि धर्म यांनी भांडू नये, दोघेही शेवटी त्याच भिंतीपाशी येऊन थांबतात, असा त्याचा समेट. धार्मिकांना तो पटला नाही, आणि जे कळूच शकत नाही त्यावर इतकी पानं कशी लिहिलीस, असं इतरांनी विचारलं.

जॉर्ज एलियटशी त्याचं प्रेम होतं म्हणतात, ते खरं का?

तिचं होतं. जॉर्ज एलियट हे एका इंग्रज कादंबरीकार बाईचं टोपणनाव, पण तेव्हा ती जॉर्ज एलियट झाली नव्हती. मॅरियन इव्हान्स या नावाने लंडनच्या स्ट्रँडवर प्रकाशक जॉन चॅपमनच्या घरी राहून संपादनाचं काम करायची. समोरच ‘इकॉनॉमिस्ट’ची कचेरी. स्पेन्सरला नाटकांचे, ऑपेराचे फुकट पास मिळत, तो तिला सोबत नेई. १८५२ च्या उन्हाळ्यात तिने त्याला पत्रं लिहिली. तुम्ही मला सोडणार नाही, निदान सहवास देत राहाल एवढं वचन द्या, अशी मोकळी, स्वतःला उघडं करणारी पत्रं. त्याने नकार दिला. आत्मचरित्रात तो तिच्या बुद्धीची तोंडभरून स्तुती करतो, आणि शारीरिक ओढ वाटली नाही हेही सूचित करतो. पुढे त्याचाच मित्र जॉर्ज हेन्री ल्यूइस याच्याबरोबर तिने संसार केला. स्पेन्सर अविवाहित राहिला.

तो विक्षिप्त होता म्हणतात, ते कशावरून?

‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ (१८५५) लिहिताना त्याची प्रकृती ढासळली ती कायमची. निद्रानाश जडला, जास्त वाचलं की डोकं गरगरे. मग त्याने लेखनाची रीतच बदलली. लेखनिकाला घेऊन रीजंट्स पार्कच्या तळ्यात होडीत बसायचं, पाच मिनिटं वल्हवायचं, मग पंधरा मिनिटं मजकूर सांगायचा, पुन्हा वल्हं. कुणाशी बोलताना उत्तेजित व्हायला लागलं की कानात बोळे घालून संभाषण संपवायचा. ते बोळे त्याच्याकडे कायम असत.

दुसऱ्यांची पुस्तकं तो फारशी वाचत नसे. मत पटेनासं झालं की पुस्तक खाली. जर्मन तत्त्वज्ञ कान्टबरोबर त्याने हेच केलं. या सवयीची किंमत त्याच्या ग्रंथांना मोजावी लागली आहे.

पण लहान मुलांना तो आवडे. पॉटर कुटुंबातल्या मुलींपैकी बिअ‍ॅट्रिसचा तो लहानपणापासूनचा स्नेही आणि तिच्या अभ्यासाचा पाठीराखा. आपल्या मृत्यूनंतर कागदपत्रं तिने सांभाळावीत असं त्याने ठरवलं होतं. तिने सिडनी वेब या समाजवाद्याशी लग्न ठरवलं आणि कागदपत्रं तिच्याकडे देण्याचा त्याचा बेत रद्द झाला. मैत्री मात्र टिकली.

गरिबांना मरू द्या, असं तो खरंच म्हणाला का?

हो, जवळजवळ त्याच शब्दांत. ‘सोशल स्टॅटिक्स’मध्ये वाक्य आहे: जे जगण्याइतके समर्थ आहेत ते जगतात आणि जगणंच योग्य, जे नाहीत ते मरतात आणि मरणंच उत्तम. स्पेन्सरचे वकील हे वाक्य टाळतात, ते टाळू नये. त्याचे विरोधक त्याच्या जोडीचं पुढचं वाक्य गाळतात: माणसांच्या उत्स्फूर्त सहानुभूतीने या कठोरपणाला उतार पडत असेल, तर तो पडावा हेच योग्य. पुढे ‘प्रिन्सिपल्स ऑफ एथिक्स’मध्ये परोपकारावर त्याने स्वतंत्र भाग लिहिले. त्याचा आक्षेप मदतीला नव्हता, कराच्या पैशाने सक्तीने केलेल्या मदतीला होता.

तरी माझं समाधान होत नाही. गिरणीतल्या मजुराला मालकाशी ‘करार’ करताना किती मोकळीक होती, हा प्रश्न त्याने पुरेसा गंभीरपणे घेतला नाही. बळाचा वापर त्याला पोलिसाच्या दांडक्यात लगेच दिसे, रिकाम्या पोटात दिसत नसे.

अमेरिकेतल्या गिरणीवाल्यांना नेमका हाच स्पेन्सर आवडला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी त्याला गुरू मानी. १८८२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको उपाहारगृहात त्याच्यासाठी मोठी मेजवानी झाली. गौरवाला उत्तर देताना स्पेन्सरने यजमानांना सांगितलं की तुम्ही लोक फार काम करता. काम जगण्यासाठी असतं, जगणं कामासाठी नसतं. आपलंच कौतुक ऐकायला जमलेल्या मंडळींना ते कितपत रुचलं असेल!

हिंदुस्थानबद्दल त्याने काही लिहिलंय का?

लिहिलंय, आणि १८५१ मध्येच, म्हणजे सत्तावन्नच्या उठावाच्या आधी. ‘सोशल स्टॅटिक्स’मधल्या वसाहतींवरच्या प्रकरणात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा पंचनामा आहे. मिठाची मक्तेदारी, गरीब रयतेच्या पिकाचा जवळजवळ निम्मा हिस्सा ओढून नेणारी सारावसुली, आणि देशी शिपायांच्या हातूनच देशी लोकांना गुलामीत ठेवण्याची चलाखी, हे तिन्ही आरोप तो नाव घेऊन करतो. दांडीयात्रा याच्यानंतर एकोणऐंशी वर्षांनी निघाली.

म्हातारपणीही हा सूर बदलला नाही. अफगाण युद्धात इंग्रज सैन्य संकटात असल्याची बातमी कुणीतरी काळजीने सांगितली, तेव्हा तो म्हणाला की कारण न्याय्य आहे का हे न विचारता जे हुकमावरून माणसं मारायला भाड्याने जातात, ते मारले गेले तर मला काही वाटत नाही. हे त्याने स्वतःच १९०२ च्या ‘फॅक्ट्स अँड कॉमेंट्स’मध्ये देशभक्तीवरच्या टिपणात नोंदवलं आहे.

श्यामजी कृष्णवर्मा आणि स्पेन्सर यांचा काय संबंध?

मूळचे कच्छ-मांडवीचे, मुंबईत शिकलेले श्यामजी स्पेन्सरचे निस्सीम भक्त. डिसेंबर १९०३ मध्ये स्पेन्सरच्या अंत्यविधीच्या वेळीच त्यांनी ऑक्सफर्डला त्याच्या नावे व्याख्यानमाला सुरू करण्यासाठी एक हजार पौंडांची देणगी जाहीर केली. ती व्याख्यानमाला १९०५ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी लंडनहून ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ हे मासिक काढलं. त्याच्या शिरोभागी स्पेन्सरचं वचन छापलेलं असे: आक्रमणाचा प्रतिकार नुसता समर्थनीय नाही, तो अटळ कर्तव्य आहे. हिंदी विद्यार्थ्यांसाठी स्पेन्सरच्या नावाच्या शिष्यवृत्त्याही त्यांनी ठेवल्या.

हायगेटमधलं त्यांचं ‘इंडिया हाउस’ जुलै १९०५ मध्ये उघडलं. पुढच्या वर्षी टिळकांच्या शिफारशीने मिळालेली शिष्यवृत्ती घेऊन विनायक दामोदर सावरकर तिथेच राहायला गेले.

आणि महाराष्ट्रात? आगरकरांचं नाव नेहमी येतं.

इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल आणि स्पेन्सर ही गोपाळ गणेश आगरकरांची दोन विद्यापीठं. परलोकापेक्षा इहलोक, ग्रंथप्रामाण्यापेक्षा बुद्धी, आणि समाज हा सतत बदलत जाणारा पदार्थ आहे ही दृष्टी, यांत स्पेन्सरचा हात स्पष्ट दिसतो. १८८८ मध्ये सुरू झालेल्या ‘सुधारक’मध्ये हे सगळं रोखठोक मराठीत आलं.

पण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी गंमत झाली. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करणाऱ्या त्या कायद्याला आगरकरांनी पाठिंबा दिला, तर सरकारने आमच्या सामाजिक बाबतींत हात घालू नये, ही भूमिका टिळकांची. कायद्याने समाज सुधारू पाहणाऱ्यांवर स्पेन्सरने आयुष्यभर टीका केली. म्हणजे निष्कर्षापुरतं बघितलं तर त्या वादात स्पेन्सर टिळकांच्या गोटात सापडतो! आगरकरांनी त्याची दृष्टी घेतली, पथ्य घेतलं नाही. दहा वर्षांच्या मुलीपुढे समान स्वातंत्र्याचा नियम ठेवून स्वस्थ बसण्यापेक्षा ते बरंच झालं.

टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त आधिभौतिक नीतिशास्त्राची चिकित्सा करताना स्पेन्सरची दखल घेतली आहे आणि त्याला अपुरा ठरवलं आहे.

एवढा मोठा होता, तर आज कुणी वाचत का नाही?

पडझड त्याच्या हयातीतच सुरू झाली. लामार्कवाद कोसळला. राज्याने शाळा, दवाखाने, पेन्शन द्यावं याकडे इंग्लंडही झुकलं आणि ‘द मॅन व्हर्सस द स्टेट’ (१८८४) लिहिणारा म्हातारा एकटा पडला. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बेकरी कामगारांच्या तासांचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती होम्स यांनी भिन्नमतपत्रात लिहिलं की नागरिकाच्या स्वातंत्र्याची हमी देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीने हर्बर्ट स्पेन्सरचं ‘सोशल स्टॅटिक्स’ कायदा म्हणून मंजूर केलेलं नाही. १९४४ मध्ये इतिहासकार हॉफस्टॅडरच्या पुस्तकाने ‘सोशल डार्विनिझम’ (जगण्याच्या झगड्याचा नियम समाजाला लावणं) हे लेबल त्याच्यावर पक्कं चिकटवलं. त्यानंतर मूळ ग्रंथ उघडण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

त्याची समाधी मार्क्सच्या समोर आहे, हे खरं का?

खरं. लंडनच्या हायगेट दफनभूमीत.

वाचायचं तर सुरुवात कुठून करू?

शिक्षक किंवा पालक असाल तर ‘एज्युकेशन’ (१८६१). कोणतं ज्ञान सर्वात मोलाचं, हा त्यातला पहिला निबंध आजही भांडायला लावतो. राजकारणात रस असेल तर ‘द मॅन व्हर्सस द स्टेट’: छोटं, तिखट, आणि पटो न पटो, गुंतवून ठेवणारं.

माझं मत विचाराल तर ‘द स्टडी ऑफ सोशिऑलॉजी’ (१८७३). त्यात तो एक उदाहरण देतो. लोखंडी पत्र्याला एका बाजूला फुगवटा आहे. अडाणी माणूस फुगवट्यावरच हातोडा घालतो, फुगवटा जातो न जातो तोच दुसरीकडे कड उचलते आणि पत्रा पहिल्यापेक्षा बिघडतो. जाणकार ठोके दुसरीकडेच, मोजूनमापून घालतो. मग एकेक प्रकरण घेऊन तो शिक्षण, देशभक्ती, वर्ग, पक्ष, धर्म यांमुळे समाजाकडे बघण्याची आपली नजर कशी तिरकी होते ते दाखवतो.

‘फर्स्ट प्रिन्सिपल्स’ला इतक्यात हात लावू नका. आत्मचरित्र दोन खंडांचं आहे, १९०४ चं, आणि तब्येतीच्या तक्रारींनी भरलेलं. पण तेरा वर्षांच्या पोराच्या पायपिटीची हकिकत त्यातच आहे. तेवढी पानं शोधून वाचा, बाकी उडवलीत तरी चालेल.